एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या स्टडमधून कूलंट झिरपतंय (जुनी जीप, हरिकेन इंजिन)

हरिकेन_वारजे :
मंडळी, वडिलांची महिंद्रा सीजे३बी आहे. पेट्रोल, हरिकेन एफ-हेड इंजिन, २१९९ सीसी. रोजची गाडी नाही. रविवारी सिंहगड पायथा, कधी पानशेत, एवढंच. गेल्या पावसाळ्यात फटफट आवाज यायला लागला म्हणून एका गॅरेजात एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळकांड्याचं, पॅकिंग बदलून घेतलं. उघडताना फायरवॉलकडचा (केबिनच्या बाजूचा) शेवटचा स्टड, म्हणजे ज्यावर मॅनिफोल्डचा नट बसतो तो डोकं नसलेला बोल्ट, तुटला. तो त्यांनी ड्रिल मारून काढला, आटे पाडून नवा स्टड बसवला. आवाज गेला, पण तेव्हापासून रेडिएटरचं पाणी कमी होतंय.

सकाळी गार इंजिनाला त्या स्टडच्या नटाखाली ओल दिसते, कधी एखादा थेंब. गाडी तापली की थेंब दिसत नाही, फक्त गोडसर वास येतो. नटाभोवती हिरवट-पांढरं कवच धरलंय, खरवडलं तरी परत येतं. नट आवळून पाहिला, फरक शून्य. एक मिस्त्री म्हणतो हेड पॅकिंग गेलंय. दुसरा म्हणतो ब्लॉकला तडा आहे, ब्लॉकच बदला. तिसऱ्याला विचारायची हिंमत होत नाहीये.

हे नक्की काय आहे ते कसं शोधायचं? आणि स्टडच असेल तर त्याला लावायचं काय?

नानापेठी :
आधी नट आवळणं थांबवा. नट आवळून पॅकिंग दाबलं जातं. पॅकिंगचं काम धूर अडवायचं, पाणी अडवायचं नाही. तिथे पाणी येतंय याचा अर्थ ते आट्यांमधून येतंय.

हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. म्हणूनच ते एफ-हेड. त्यामुळे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडला नाही, थेट ब्लॉकला बसतं, आणि त्या भिंतीच्या पलीकडे पाणी खेळतं. भोक आरपार असेल किंवा आरपार झालं असेल, तर पाणी आट्यांच्या पिळातून गोल गोल फिरत बाहेर येणार. दोन प्रश्न : ओल नटाच्या तोंडातून येते की पॅकिंगच्या खालच्या कडेतून? आणि रेडिएटरला टोपी किती पौंड दाबाची आहे?

ट्रकवाला_सासवड :
एवढं कशाला डोकं खाता राव. दोन चमचे हळद टाका रेडिएटरमध्ये, गाडी तापवा, दिवे घाटातून एक चक्कर मारून या. बंद. आमच्या वडिलांनी आयुष्यभर हेच केलं.

चाकण_शिफ्ट :
हळद बंद करते यात वाद नाही. प्रश्न असा आहे की ती काय काय बंद करते. हळदीला झिरपणारा स्टड कुठला आणि रेडिएटरची नळी कुठली हे कळत नाही. रस्त्यात अडकलात, गाव लांब आहे, तर टाका आणि घरी या. मग सगळं पाणी काढून फ्लश करा. जुन्या जीपच्या पितळी रेडिएटरच्या नळ्या आधीच गंजाच्या गाळाने अर्ध्या भरलेल्या असतात, त्यात हळद म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात कात्रज चढताना वाफ.

बाजारातल्या तयार सीलरचंही तेच, फक्त डबी चकचकीत.

आता निदान. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावा. बऱ्याच रेडिएटरवाल्यांकडे हातपंपाचा असतो. टोपीवर लिहिलंय तेवढाच दाब द्या, जास्त नको, नाहीतर रेडिएटरचे झाळ उघडतील. त्याआधी मॅनिफोल्डभोवतीचा भाग ब्रश आणि थिनरने साफ करून कोरडा करा आणि त्यावर खडूची पूड फुंका. दाब दिला की पहिली ओली रेघ जिथे उमटेल तिथे गळती. पाणी वरून ओघळून स्टडपाशी थांबत असेल तर रेघ वरून खाली दिसेल. हेडच्या सांध्यातून येतंय का, ब्लॉकच्या डमीतून (भोक बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकतीतून) येतंय का, सगळं एका बैठकीत कळतं.

गरम इंजिनावर शोधू नका. मॅनिफोल्डवर पडलेला थेंब तिथेच उडून जातो, मागे फक्त कवच राहतं. तुम्हाला तापल्यावर थेंब दिसत नाही त्याचं कारण हेच. गळती थांबलेली नसते.

हेड पॅकिंगची शंका काढायची तर रेडिएटरच्या तोंडावर धरायची निळ्या द्रवाची नळी मिळते. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं.

हरिकेन_वारजे :
@नानापेठी, टोपीवर ०.९ बार लिहिलंय. पॅकिंग बदललं तेव्हाच बदलली होती, जुनी सापडत नाही.

@चाकण_शिफ्ट, प्रेशर टेस्ट करून आणली. कर्वेनगरमधल्या रेडिएटरवाल्याने खडूवरून आधी हसून घेतलं, मग स्वतःच वाकून बघत बसला. ओली रेघ नटाच्या तोंडातून, स्टडच्या आट्यांवरूनच निघते. वर सगळं कोरडं. निळा द्रव निळाच राहिला. हेड पॅकिंगची शंका मिटली एकदाची.

नानापेठी :
०.९ बार म्हणजे १३ पौंड. तुमच्या गाडीला मूळ ७ पौंडाची टोपी. आजच्या छोट्या गाड्यांची टोपी जीपच्या तोंडावर बसते म्हणून लोक बसवतात. जवळजवळ दुप्पट दाबाने पाणी आट्यांतून रेटलं जातंय. ७ ची टोपी आधी आणा. गळती निम्मी होईल, बरी होणार नाही.

चाकण_शिफ्ट :
अगदी. आणि १३ ची गरजही नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे साधं पाणी ९८ अंशांना उकळतं. ७ पौंड दाबाने उकळबिंदू ११-१२ अंशांनी वर जातो, म्हणजे ११० च्या आसपास. त्यात कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. त्या इंजिनाला एवढं भरपूर झालं.

आटेवाला :
भोसरीत लेथ आहे, असे स्टड महिन्याला येतात. सविस्तर लिहितो, कारण इथे नव्वद टक्के लोक गोंदावर भांडतील आणि भोक कुणी बघणार नाही.

स्टडचं भोक दोन प्रकारचं. एक तळ असलेलं, दुसरं आरपार पाण्यात उघडणारं. कारखान्यातून आरपार आलेलं असेल तर तिथे आट्यांना सील लावूनच स्टड घालायचा, हा नेहमीचा रिवाज. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ चे हेड बोल्ट असेच पाण्यात जातात, सील न लावता बसवले की गळतातच. पण तुमच्या केसमध्ये ‘तुटला, ड्रिल केला, तेव्हापासून गळतो’ हे तीन शब्द पुरेसे आहेत. माझा अंदाज : तळ होता, ड्रिलने फोडला.

असं का होतं ते सांगतो. तुटलेला स्टड कठीण, भोवतीचं बीड (ब्लॉकचं ओतीव लोखंड) मऊ. पंच मध्यावर बसला नाही की बिट मऊ बाजूला सरकतो. भोक तिरकं जातं, अर्धा स्टड जागेवर राहतो, अर्धं बीड जातं. मग माणूस घाबरून आणखी खोल जातो. बीडाची भिंत तिथे बारीक असते, शिवाय वर्षानुवर्षं साधं बोअरचं पाणी घातलेलं असेल तर आतून गंजून आणखी बारीक झालेली. बिट अचानक ‘सुटतो’ आणि पाणी येतं. त्या वेळी पाणी आधीच काढलेलं असेल तर तेही कळत नाही. नवा स्टड कोरडा घातला, गाडी दिली, विषय संपला.

काढायचं कसं : रेडिएटरचा आणि ब्लॉकचा दोन्ही कॉक (पाणी काढायच्या तोट्या) उघडून पाणी काढा. पाणी आत असताना गॅसने तापवायला गेलात तर सगळी उष्णता पाणी पिऊन टाकतं, आटे सैल होत नाहीत. स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून फिरवा. नवा स्टड आहे, सहज येईल. बाकीच्या जुन्या स्टडना हात लावू नका, त्यांचे फक्त नट काढा. नट अडले तर आदल्या रात्रीपासून तेल सोडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल (एटीएफ) आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं हे मिश्रण चांगलं काम करतं, पण त्याच्याजवळ ज्योत नेऊ नका. नट लाल करायचा झाला तर नट तापवा, ब्लॉक नाही. बीडाला एकाच जागी भडका दिला तर तो चिरतो, मग तुमच्या दुसऱ्या मिस्त्रीचं म्हणणं खरं होईल.

कुठला स्टड तुटलाच तर इझी-आउट (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात अडकवायचं उलट्या पिळाचं हत्यार) ही शेवटची गोष्ट. ते भोकात मोडलं की ड्रिलही चालत नाही, इतकं कठीण असतं. तुटलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा आणि नट गरम असतानाच फिरवा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मं काम होतं.

स्टड काढला की एक बारीक तार भोकात घाला, टोकाला आकडा वाकवून. तळ लागतो का, कडेला अडकते का, किती खोल, ते बघा आणि इथे लिहा. गोंद नंतर.

रसिका_के :
आटेवाला यांच्या ‘गोंद नंतर’शी सहमत, पण गोंदाबद्दल आत्ताच लिहिते, नाहीतर तोपर्यंत कुणीतरी एम-सील सुचवेल.

स्टडचं आतलं टोक पाण्यात बुडलेलं असतं आणि बाहेरचं टोक तापलेल्या मॅनिफोल्डमधून जातं. सील आतल्या आट्यांवर बसतं. ते आटे पाणी गार ठेवतं, त्यामुळे तिथलं तापमान मॅनिफोल्डच्या तापमानापेक्षा कितीतरी कमी राहतं. म्हणून २०० अंश झेपणारं सील तिथे टिकतं, आणि ‘मॅनिफोल्ड ५०० अंश तापतं, सगळे गोंद जळतील’ ही भीती बरोबर नाही. सील बाहेरच्या बाजूला नटावर थापलं तर मात्र नक्की जळेल.

माझी पसंती लॉकटाइट ५६७ ला. पांढरी पेस्ट असते, त्यात पीटीएफई (टेफ्लॉन) असतं, मर्यादा २०४ अंश. हवा नसलेल्या जागी धातूच्या संपर्कात घट्ट होते, त्यामुळे आटे तेलकट असतील तर धरत नाही. अॅसिटोनने भोक आणि स्टड दोन्ही स्वच्छ करायचे, पूर्ण सुकू द्यायचे, मग लावायचं आणि २४ तास पाणी भरायचं नाही. पाणी भरून लगेच इंजिन सुरू केलं की पेस्ट आट्यांतून धुऊन निघते, आणि मग लोक पेस्टला शिव्या देतात.

तांब्याच्या रंगाचं हाय-टेम्प सिलिकॉन तापमान जास्त झेलतं, पण आट्यांत घासून त्याचा थर फाटतो. सपाट सांध्यांसाठी ते उत्तम. टेफ्लॉन टेप नळाला लावतात तशी स्टडला लावू नका. तुकडे सुटून वॉटर जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत) जातात आणि थर्मोस्टॅटवर जाऊन बसतात.

एम-सील नाही म्हणजे नाही.

माझ्या जिप्सीला हाच आजार होता. फरक एवढाच की तिचं हेड अॅल्युमिनियमचं आणि स्टड ८ मिलिमीटरचे. तिथे स्टड आवळताना आटेच ओरबाडून येतात. एका ठिकाणी हेलिकॉइल घातला होता आणि तो गळत होता, कारण हेलिकॉइल म्हणजे तारेची गुंडाळी. तिच्या मागून पाण्याला वाट मिळते. कोरड्या भोकाला हेलिकॉइल छान. पाण्याच्या भोकाला भरीव बुश (आतून-बाहेरून आटे असलेली धातूची नळी).

नानापेठी :
रसिकाताई, लॉकटाइट यायच्या आधीही जीपा चालत होत्या. शेलॅक (लाखेचं द्रावण) लावायचो, नाहीतर होल्डटाइट (पॅकिंगची पेस्ट). कधी नाही गळलं.

रसिका_के :
काका, गळत नव्हतं हे मान्य. ४ नाहीतर ७ पौंडाची टोपी, स्वच्छ भोक आणि तुमच्या हाताचे घट्ट आटे असतील तर शेलॅकही चालेल. पण शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतं आणि कूलंटमधलं ग्लायकॉल हे अल्कोहोलच्याच कुळातलं. साध्या पाण्यावर टिकलेलं शेलॅक कूलंटवर तितकंच टिकेल असं मी धरून चालणार नाही.

नानापेठी :
हा मुद्दा आहे. तेव्हा कूलंट कोण घालत होतं. घेतो मागे.

ट्रकवाला_सासवड :
काकांनी मुद्दा मागे घेतला! या धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

हरिकेन_वारजे :
उघडलं. मॅनिफोल्ड खाली आलं, बाकीचे नट तेलाने सुटले, एकही स्टड तुटला नाही.

आटेवाला, तुमचा अंदाज तंतोतंत. शेवटच्या भोकात तार घातली तर तळ नाहीच, आकडा पलीकडच्या कडेला अडकतो आणि बाहेर काढताना लाल गाळ घेऊन येतो. शेजारच्या स्टडशी पट्टी लावून पाहिलं तर हे भोक खालच्या बाजूला कललंय. स्टडही डोळ्यांना दिसेल इतका वाकडा उभा होता, मॅनिफोल्डच्या भोकात एका अंगाला घासल्याची खूण आहे. आटे पहिल्या दोन-तीन पिळांत बरे, पुढे अर्धेच. स्टडवर सीलचा अंश नाही, कोरडा घातला होता.

मॅनिफोल्डच्या तोंडावर पोलादी पट्टी धरली तर शेवटच्या पोर्टपाशी ०.३ मिलिमीटरचा फीलर (फट मोजायची पातळ पाती) आत जातो.

आता नुसतं ५६७ लावून तोच स्टड परत घालू का?

आटेवाला :
नको. अर्ध्या आट्यांवर पेस्ट म्हणजे उधारीवर उधारी. एखादा महिना जाईल, मग परत.

यावर माझ्याकडे एक पक्का उपाय आहे : तळ बंद असलेला भरीव बुश. बाहेरून १४ मिलिमीटर, १.२५ पिचचे (दोन आट्यांतलं अंतर) आटे, आतून ३/८ यूएनसी (इंचातला जाड आटा). बाहेरचा आटा मुद्दाम तो निवडतो, कारण १४ बाय १.२५ हा स्पार्क प्लगचा आटा. टॅप (आटे पाडायचं हत्यार) कुठेही मिळतो. फक्त जुन्या बाजारातून घेऊ नका, धार गेलेली असते आणि बीडात टॅप मोडणं म्हणजे नवं संकट. भोक १२.८ चं. बुशची आतली बाजू शेवटपर्यंत पाडायची नाही, तळाला तीनेक मिलिमीटर भरीव धातू ठेवायचा. म्हणजे स्टडच्या आट्यांना पाणी कधी भेटतच नाही. सील फक्त बुशच्या बाहेरच्या आट्यांना लागतं, एकदाच. पुढे कधी स्टड तुटला, काढला, बदलला, पाण्याशी संबंध नाही.

भोक सरळ कसं करायचं हा खरा प्रश्न. हातातल्या ड्रिलने नाही. जाड पट्टी घ्या, शेजारच्या दोन चांगल्या स्टडवर बसवा, मॅनिफोल्डच्या भोकांच्या मापाने तिसरं भोक पाडून त्यात कडक गाइड बुश ठोका. ड्रिल त्या गाइडमधून जाईल, मग जुनं तिरकं भोक त्याला ओढू शकत नाही. पट्टी मी करून देतो, मॅनिफोल्ड घेऊन या. बोनेट काढून जागेवरच काम होईल, इंजिन उतरवायची गरज नाही.

ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरा. बीडाचा चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. अर्धा पीळ पुढे, पाव मागे, मध्येच टॅप काढून पुसा, परत ग्रीस. आत पडलेला चुरा ब्लॉकच्या खालच्या कॉकमधून पाण्याच्या धारेने काढा, कॉकचं तोंड बहुतेक गाळाने बुजलेलं असेल, तारेने मोकळं करा.

स्टडसाठी दुकानातला थ्रेडेड रॉड कापून घालू नका. मऊ लोखंड तापून ताणलं जातं आणि नट सैल पडतो. स्टेनलेसही नको, ते बीडापेक्षा जास्त फुगतं आणि आटे एकमेकांना धरून बसतात. ईएन१९ मध्ये (मिश्र पोलादाचा एक प्रकार) करून देतो. अमेरिकन मंडळी बी७ म्हणतात ते जवळपास हेच. ब्लॉककडे ३/८ यूएनसी, नटाकडे ३/८ यूएनएफ (बारीक आटा).

चाकण_शिफ्ट :
ईएन१९ ला +१.

स्टड शेवटचाच का तुटतो तेही लिहून ठेवतो, कारण ते न सुधारता नवा घातला तर तोही तुटेल. बीड दर अंशाला मीटरमागे ११ मायक्रॉन फुगतं. मॅनिफोल्ड अर्धा मीटर लांब धरा, ५०० अंशांनी तापलं, तर लांबी पावणेतीन मिलिमीटरने वाढते. ब्लॉकही वाढतो, पण तो पाण्याने गार असतो, अर्धा मिलिमीटरही नाही. उरलेले दोन मिलिमीटर कुणीतरी सोसायचे, आणि मॅनिफोल्ड मध्यावर धरलेलं असल्याने ते टोकांना सोसावे लागतात. म्हणून टोकाची भोकं मोठी किंवा लांबट असतात आणि तिथे नटाखाली जाड वायसर असतो, की मॅनिफोल्ड त्याखाली सरकावं. तुमच्या वाकड्या स्टडला मॅनिफोल्ड एका अंगाने टेकत होतं, म्हणजे सरकायला जागाच नव्हती. प्रत्येक तापण्या-गार होण्यात स्टड हलणार आणि आट्यांतली फट थोडी थोडी वाढणार.

०.३ चा बाक ग्राइंडिंगवर काढून घ्या. मॅनिफोल्डचं तोंड सपाट नसेल तर माणूस ते नटाने ओढून सपाट करायला बघतो, आणि तो सगळा ताण पुन्हा टोकाच्या स्टडवर.

नट आवळायला ३० फूट-पौंड, म्हणजे ४० न्यूटन-मीटर, पुरे. मध्यापासून टोकांकडे, दोन टप्प्यांत. नट पितळी वापरा. पुढच्या वेळी उघडताना नट तुटेल, स्टड वाचेल.

रसिका_के :
दोन गोष्टी. नटाच्या बाजूला तांब्याचं अँटी-सीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा, पण ब्लॉकच्या बाजूला त्याचा हातही लागू देऊ नका, त्यावर ५६७ धरणार नाही. आणि स्टड बुशमध्ये जोराने आवळायचा नसतो. हाताने तळाला टेकवा, थोडा मागे घ्या, बस. तळाला दाबून आवळला तर बुशचा तीन मिलिमीटरचा तळच फोडाल.

आणि काढलेलं कूलंट परातीत उघडं ठेवू नका, गटारातही नको. ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. कॅनमध्ये झाकण लावून ठेवा.

जुनं पॅकिंग अॅस्बेस्टॉसचं असण्याची शक्यता आहे. कोरडं घासू नका, ओलं करून खरवडा, वायर ब्रशचं मशिन तर अजिबात नको.

नानापेठी :
आणि नवीन पॅकिंगला दोन्ही अंगांनी सिलिकॉन फासू नका. पॅकिंग कोरडंच बसतं. हे मी मागे घेणार नाही.

हरिकेन_वारजे :
काम झालं. सविस्तर लिहितो, पुढे कुणाला लागेल.

मॅनिफोल्ड भोसरीला ग्राइंड झालं. आटेवाला यांनी पट्टी करून दिली आणि स्वतः येऊन ड्रिल मारलं (पैसे घ्यायला तयार नव्हते, घ्यायला लावले). गाइडमुळे बिट जुन्या भोकाकडे जराही ओढला गेला नाही. कॉक खरंच बुजलेला होता. तारेने मोकळा केल्यावर आधी काहीच नाही, मग घट्ट लाल चिखल, मग पाणी. नळी लावून पाणी नितळ येईपर्यंत धुतलं. रेडिएटर वेगळा उलट्या बाजूने धुऊन घेतला.

बुशला ५६७, बुशचं तोंड ब्लॉकच्या सपाटीपेक्षा केसभर आत. वर राहिला असता तर पॅकिंग टेकलं नसतं, हे आटेवाला यांनी दोनदा पट्टी लावून तपासलं. दुसऱ्या दिवशी पाणी न भरता आधी स्टड, पॅकिंग, मॅनिफोल्ड. संध्याकाळी कूलंट, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. ७ पौंडाची टोपी नानापेठी यांनी सांगितलेल्या दुकानात मिळाली.

गार इंजिनावर परत प्रेशर टेस्ट, परत खडू. काटा जागचा हलला नाही, पूड कोरडी. मग गाडी तापवली, पूर्ण गार होऊ दिली, नट पुन्हा ३० वर तपासले. मधले दोन थोडे फिरले, टोकाचे नाही. कात्रजच्या जुन्या घाटातून जाऊन आलो, गडाचा घाटही झाला. पातळी जागेवर आहे, वास नाही.

एक शंका उरली आहे. बाकीचे स्टड कोरडे आहेत, पण तेही तेवढेच जुने. आत्ता मॅनिफोल्ड बसलंय, तरी विचारतो. तेही काढून सील लावून घालायला हवे होते का?

आटेवाला :
नाही. जो गळत नाही त्याला गंजानेच सील केलेलं असतं. फिरवायला गेलात तर अर्धे तुटतील आणि प्रत्येक तुटलेल्यामागे हीच कहाणी. इंजिन पूर्ण उतरेल, ब्लॉक टेबलावर येईल, तेव्हा बघू. तेव्हा भिंती किती उरल्यात तेही कळेल.

नानापेठी :
सहमत, पण दर वर्षी एकदा नट सोडून अँटी-सीझ लावून परत आवळत जा. नट स्टडला धरला नाही म्हणजे स्टड तुटणार नाही.

चाकण_शिफ्ट :
आणि कूलंट दोन वर्षांनी बदला. रंग तसाच राहतो, पण गंज रोखणारी द्रव्यं संपतात. जुन्या बीडाच्या ब्लॉकला साधं हिरवं चालतं, महागडं लांब मुदतीचं कशाला.

ट्रकवाला_सासवड :
हळदीचा विषय सोडा. शेतावरच्या पंपाच्या डिझेल इंजिनालाही एका स्टडपाशी असंच कवच दिसतंय, उद्या खडू फुंकून बघतो. नाना पेठेत पितळी नट कुठल्याही दुकानात मिळतील ना?

नानापेठी :
मिळतील, पण तुमच्या इंजिनाचे आटे मिलिमीटरमधले असतील, जीपचे इंचातले. दुकानात पोरगा बसला असेल तर नुसतं ‘मॅनिफोल्डचा नट’ म्हटल्यावर हाताला येईल तो देईल. १० मिलिमीटरचा नट ३/८ च्या स्टडवर एक-दोन पीळ चढतो आणि मग अडकतो. लोकांना वाटतं घट्ट बसला. एक जुना स्टड खिशात घेऊन जा आणि काउंटरवरच नट त्यावर शेवटपर्यंत हाताने फिरवून बघा.